आमदार, खासदार आणि मुकी जनावरं : आमच्या नोंदवहीतून

९ ऑगस्ट २०२५, शनिवार
कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणीच्या जैन मठाची हत्तीण २८ जुलैला गुजरातमधल्या वनतारा या प्राणी केंद्राकडे गेली, तेव्हापासून गावातल्या प्रत्येक कट्ट्यावर एकच सवाल आहे : आपल्या आमदार-खासदारांनी केलं काय? उत्तरादाखल रील येतात, फ्लेक्स लागतात, मूक मोर्चाचे फोटो फिरतात. आज करवीर नगर वाचन मंदिराच्या बाहेर आम्ही चौघं बसलो होतो : ग्रंथालयाचं काम बघणाऱ्या मॅडम, वकील काका, कॉम्प्युटरवाला पोरगा आणि मी. ठरलं असं, की जिल्ह्यातले दहा आमदार आणि कोल्हापूर, हातकणंगले इथले दोन खासदार यांनी प्राण्यांच्या कायद्यांबद्दल सभागृहाच्या आत काय केलं याचीच वही करायची. बाहेरचं भाषण धरायचं नाही. बाहेर कोणीही काहीही बोलतो. आत बोललेल्याचा कागद राहतो.

पहिली गाठ लगेच बसली. विधिमंडळाचं पावसाळी अधिवेशन ३० जूनला सुरू होऊन १८ जुलैला संपलं. हत्तिणीला वनताराला हलवण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश १६ जुलैचा, सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळलं २८ जुलैला आणि त्याच दिवशी ती गेली. म्हणजे जिल्हा पेटला तेव्हा आमदारांचं सभागृह बंद होतं. संसदेचं अधिवेशन मात्र २१ जुलैपासून चालू आहे, ते २१ ऑगस्टपर्यंत चालणार. खासदारांना संधी आहे, आमदारांना डिसेंबरपर्यंत नाही. दोघांना एका तक्त्यात बसवणं अन्यायाचं होईल. दोन वेगळी पानं केली.

१२ ऑगस्ट
पोरगा अमेरिकेचा नमुना घेऊन आला. तिथे ह्यूमन वर्ल्ड अ‍ॅक्शन फंड (पूर्वीचं नाव ह्यूमन सोसायटी लेजिस्लेटिव्ह फंड) नावाची संस्था ‘ह्यूमन स्कोअरकार्ड’ काढते. प्रत्येक खासदाराला शंभरपैकी गुण. कशावर? महत्त्वाच्या मतदानात कोणत्या बाजूने मत दिलं, कोणत्या विधेयकावर सहप्रायोजक म्हणून सही केली, प्राणी कायद्यांच्या अंमलबजावणीला पैसे द्या म्हणून लिहिलेल्या पत्रावर नाव आहे का. कुणी विधेयकाचं नेतृत्व केलं तर वरचे गुण.

“भावा, हेच उचलूया की,” असं त्याचं म्हणणं.

काकांनी दोन प्रश्नांत हवा काढली. तिथे तरी प्रत्येक वेळी नावानिशी मत पडतं का? बघितलं. वाघ-सिंह खासगी मालकीत ठेवण्यावर बंदी घालणारं विधेयक अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात २९ जुलै २०२२ रोजी २७८ विरुद्ध १३४ मतांनी मंजूर झालं, तेव्हा कोण कुठे उभं होतं ते कळतं. पुढे डिसेंबरात सिनेटमध्ये तेच विधेयक सर्वसंमतीने गेलं, एकही मत मोजलं नाही. २०१९ चा प्राण्यांवरच्या क्रूर छळाविरुद्धचा कायदा तर प्रतिनिधिगृहातही आवाजी मतदानाने झाला. म्हणूनच ते सहप्रायोजकाच्या सहीला एवढं वजन देतात. आपल्याकडे सहप्रायोजकाची ती पद्धत नाही.

दुसरा प्रश्न जास्त अवघड. आपल्याकडे मत कुणाचं असतं? १९८५ साली घटनेत दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी, आली. पक्षाने व्हिप, म्हणजे मत कुठे द्यायचं याचा हुकूम, काढला आणि सदस्याने तो मोडला तर सदस्यत्व जाऊ शकतं. ब्रिटनमध्ये कोल्ह्याच्या शिकारीवर बंदी आणणाऱ्या २००४ च्या कायद्यावर खासदारांना मोकळं मत देऊ दिलं होतं, तिथे नावाला अर्थ आहे. आपल्याकडे बहुतेक विधेयकांवर पीठासीन अधिकारी विचारतात, बाके वाजतात, ‘संमत झाले’. मतविभागणी मागितली तरच आकडे, आणि ते आकडेही पक्षाचेच.

मतदानाचा रकाना खोडला. पोरगा नाराज, कारण त्याने त्या रकान्यासाठी हिरवा-तांबडा रंग आधीच भरून ठेवला होता.

१७ ऑगस्ट
आज काम शून्य. मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचं उद्घाटन, सरन्यायाधीश गावात, काका काळ्या कोटात सकाळपासून गायब. इतक्या वर्षांच्या आंदोलनानंतर हा दिवस आलाय, त्यांना दोष कसा द्यायचा. संध्याकाळी फोनवर एवढंच म्हणाले, “आता जनावरांच्या केसला मुंबईची एस्टी पकडायला नको.”

२४ ऑगस्ट
बैलगाडा शर्यतीचं पान भरलं. या जिल्ह्यात हे पान रिकामं ठेवून चालणारच नाही.

क्रम असा. ७ मे २०१४ : सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यतींवर बंदी आणली. जानेवारी २०१७ : तमिळनाडूने जल्लिकट्टूला पुन्हा वाट देणारा दुरुस्ती कायदा केला. एप्रिल २०१७ : आपल्या विधिमंडळाने तसाच कायदा केला, दोन्ही सभागृहांत एकमताने. शर्यतीत बैलाला इजा केली तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद त्यात आहे. मग उच्च न्यायालयाची स्थगिती, मग १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाची सशर्त परवानगी, आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले.

आता याचे गुण कसे द्यायचे? एकमत म्हणजे सगळ्यांना सारखेच. पण सारखे म्हणजे अधिक की उणे? प्राणिमित्र संघटना म्हणतील उणे. गाडामालक म्हणेल, शर्यत बंद झाली की खिलार पाळणार कोण, म्हणून अधिक. शिवाय १९६० च्या मूळ केंद्रीय कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड आहे. त्या पन्नासाच्या शेजारी पाच लाख ठेवून बघितले की हा कायदा निव्वळ सूट देणाराही वाटत नाही. मॅडम म्हणाल्या, “बाजू लिहायचीच नाही. काय घडलं ते लिहा.” तेव्हा ते मला पळवाट वाटलं.

परवा २२ तारखेला भटक्या कुत्र्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने आपलाच ११ ऑगस्टचा, कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा दिल्लीपुरता आदेश बदलला : नसबंदी आणि लस झालेली कुत्री पुन्हा जागच्या जागी सोडा, पिसाळलेली आणि हल्लेखोर वगळून. हत्ती, बैल, कुत्रा, तिन्हींचं ठरवतंय न्यायालय. कायदा करणारे त्या मानाने गप्प, आणि आम्ही त्यांचीच वही करतोय.

३१ ऑगस्ट
गणपती असूनही दोघं आले. आजपासून प्रश्नोत्तरं.

ज्यांनी विधानसभेची प्रश्नयादी कधी हातात धरली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. प्रश्नाच्या डोक्यावर नावांची रांग असते. एका प्रश्नाला पाच-सात आमदार सहज जोडलेले. मग ठरलेलं वाक्य : ‘सन्माननीय वने मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’. खाली अनुक्रमांक. पहिल्यात ‘अमुक तालुक्यात अमुक महिन्यात अमुक झाले, हे खरे आहे काय’. दुसऱ्यात ‘असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय’. शेवटच्यात ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. उत्तरालाही ठरलेले साचे : ‘हे खरे आहे’, ‘हे अंशतः खरे आहे’, ‘हे खरे नाही’, आणि सगळ्यांचा लाडका ‘प्रश्न उद्भवत नाही’.

या एका पानावरून पुष्कळ कळतं, फक्त वाचायला हवं. ‘अंशतः खरे’ आलं की समजावं, आमदाराची माहिती तालुक्यातून आलीय आणि खात्याला ती पूर्ण नाकारता आलेली नाही. ‘खरे नाही’ला दोन अर्थ : एक तर ऐकीव माहितीवर प्रश्न टाकला, नाही तर खातं झाकतंय. कुठला, ते त्या गावच्या माणसाला विचारल्याशिवाय कळत नाही.

नावांच्या रांगेचं काय करायचं यावर तासभर वाद झाला. पोरगा म्हणतो प्रत्येकाला एक गुण. मी म्हणालो, रांगेतल्या सहाव्याला त्या प्रश्नाचा विषय तरी आठवत असेल का? शेवटी पहिलं नाव वेगळं लिहायचं, बाकीचे ‘सह’. आणि पुरवणी प्रश्न विचारायला जो उभा राहिला त्याच्या नावापुढे खूण. उभं राहणं महत्त्वाचं.

लोकसभेचं त्याहून वेगळं. तिथे दिवसाला वीस तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि दोनशे तीस अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न, निवड सोडतीने. तेव्हा खासदाराचा प्रश्न तारांकित लागला तर ते नशीब. कर्तृत्व म्हणून मोजता येत नाही. प्रश्न टाकला, एवढंच त्याचं. दिल्लीची पीआरएस ही संस्था खासदारांची हजेरी, प्रश्नसंख्या, चर्चेतला सहभाग, खासगी विधेयकं (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेली) हे सगळं मांडून ठेवते, त्यामुळे खासदारांचं निम्मं काम तयार मिळतं. पण ती मोजणी विषयाच्या पोटात शिरत नाही. कुत्र्यांच्या नसबंदीचा प्रश्न आणि कुत्र्यांना उचला म्हणणारा प्रश्न, दोन्ही तिथे एकेकच.

७ सप्टेंबर
शोधशब्दांची यादी. ‘प्राणी’ हा शब्द टाकून काहीच हाती लागत नाही. सभागृहात कोणी ‘प्राणी’ म्हणत नाही. मोकाट जनावरे, भटकी कुत्री, गवा, बिबट्या, हत्ती, बैलगाडा, गोवंश, कत्तलखाना, पांजरपोळ, गोशाळा, लम्पी, नायलॉन मांजा. खातीही फुटलेली. बिबट्या वनखात्याकडे, लम्पी पशुसंवर्धनकडे, कुत्री नगरविकासकडे, जनावरांचा ट्रक पकडला तर गृह. घटनेतसुद्धा तसंच : पशुधनाचं जतन राज्यसूचीत, क्रूरतेला प्रतिबंध समवर्ती सूचीत. आमदार कुठल्या मंत्र्याला प्रश्न विचारतो यावरूनच तो जनावराकडे काय म्हणून बघतो ते दिसायला लागतं.

जुन्या पीडीएफ जुन्या फॉन्टमधल्या. मजकूर उचलला की ‘हत्ती’चं भलतंच काहीतरी होतं. ती पानं मॅडम डोळ्यांनी वाचताहेत.

१४ सप्टेंबर
आजची बैठक वाजली.

चंदगड-आजऱ्याकडचे हत्ती हा विषय होता. कर्नाटकातून आलेले रानहत्ती ऊस-भात तुडवतात, नारळ-केळी मोडतात, माणसं जिवाला मुकतात. तिथला लोकप्रतिनिधी ‘हत्तींचा बंदोबस्त करा’ म्हणणारच, त्याशिवाय त्याला गावात पाऊल टाकता येणार नाही. आणि इकडे शिरोळात ‘आमची हत्तीण परत द्या’. पोरगा वैतागला.

“काका, ह्यो हत्तीच्या बाजूचा म्हणायचा का माणसाच्या?”

“पोरा, दोन्ही हत्ती वेगळे आहेत. एक साखळीतला, एक रानातला.”

“पण वहीत रकाना एकच हाय की.”

काकांनी मग जोतिबाच्या ‘सुंदर’ची आठवण काढली. २००७ मध्ये एका आमदारांनी देवस्थानाला अर्पण केलेला हत्ती. पुढे त्याला साखळदंडात ठेवून मारहाण होते म्हणून प्रकरण न्यायालयात गेलं आणि २०१४ मध्ये तो बंगळुरूजवळच्या बन्नेरघट्ट्याला हलवला. देणाऱ्याने भक्तीनेच दिला होता. तो व्यवहार कुठल्याही विधिमंडळाच्या कागदावर नाही, म्हणून आमच्या वहीत येत नाही. पण या जिल्ह्यात लोकप्रतिनिधी आणि हत्ती यांचं नातं किती जुनं आणि गुंतलेलं आहे ते त्यातून कळतं. याच गावात साठमारीचा आखाडा आहे, जिथे संस्थानकाळात हत्तीला चिडवून त्याच्याशी खेळ करायचे. आणि याच जिल्ह्यात राधानगरीचं गव्यांचं अभयारण्य १९५८ पासून, राज्यातलं पहिलं. कोल्हापूरकराला प्राणिप्रेमी म्हणा नाही तर उलटं म्हणा, पुरावा दोन्हीकडे सापडेल.

तर निर्णय. ‘बाजूने’ आणि ‘विरुद्ध’ हे रकाने रद्द. त्याऐवजी तीन : सदस्याने नेमकं काय मागितलं (त्याच्याच शब्दांत), त्या मागणीने जनावराचं काय होईल (हलवणं, बांधणं, मारणं, उपचार, मोकळं सोडणं), आणि माणसाला काय मिळेल (भरपाई, संरक्षण, परवानगी, सन्मान). वाचणाऱ्याने आपली बाजू आपण ठरवावी. मॅडमनी २४ ऑगस्टला सुचवलं होतं तेच झालं म्हणायचं. मला आता ती पळवाट वाटत नाही. गुण देणाऱ्याला आपली नीती खिशात लपवून ठेवता येते, असा तक्ता भरणाऱ्याला नाही.

२१ सप्टेंबर
हातकणंगले लोकसभा मतदारसंघाचं पान सगळ्यात जाड होणार असं दिसतंय. शिरोळमधली नांदणी त्यात. शाहूवाडीचं रान त्यात. आणि सांगली जिल्ह्यातलं शिराळा त्यात, म्हणजे नागपंचमी आली. जिवंत नाग पकडून पूजा करण्यावर वन्यजीव कायद्याच्या आधारे न्यायालयाने बंधन आणलं. गाव म्हणतं ही शेकडो वर्षांची परंपरा. हत्ती, नाग आणि शर्यतीचा बैल, तिन्ही एकाच खासदाराच्या दारात. इथून कोणीही निवडून येवो, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बदल मागणं त्याला चुकणार नाही. तेव्हा मागणी केली याचं नवल नाही. नेमकं कलम सांगून केली, की नुसतं ‘भावना लक्षात घ्या’ म्हणाला, ते बघायचं. त्यासाठी छोटा रकाना : ‘कलम सांगितले काय’.

२८ सप्टेंबर
फ्लेक्स विरुद्ध कागद. ही कल्पना मॅडमची, आणि आतापर्यंतची सगळ्यात मजेची.

जुन्या वर्तमानपत्रांतल्या ‘आमदारांनी विधानसभेत आवाज उठवला’ छापाच्या बातम्या एका बाजूला, त्या दिवसाची कार्यवाही दुसऱ्या बाजूला. ‘आवाज उठवला’ याचे किती प्रकार असतात! लक्षवेधी लागली, चर्चा झाली, मंत्र्यांना तीन पुरवण्या विचारल्या, हा एक. औचित्याचा मुद्दा म्हणून दोन वाक्यं बोलून बसले, हा दुसरा. लक्षवेधीची सूचना दिली, वेळ संपला, मंत्र्यांचं निवेदन पटलावर ठेवलं आणि सभागृहात एक शब्दही उच्चारला गेला नाही, हा तिसरा. विधानभवनाच्या पायऱ्यांवर फलक धरून उभे राहिले, हा चौथा. तो सभागृहात येतच नाही. बातमीत चारही सारखेच, आणि चौकात फ्लेक्स एकच : ‘पाठपुराव्याला यश’.

नावं इथे लिहीत नाही, वही पुरी झाल्यावर सगळ्यांची एकदम येतील.

यातून नवा रकाना : आश्वासन. मंत्री ‘बैठक लावू’ म्हणाले की ‘कार्यवाही केली जाईल’ म्हणाले, यात फरक आहे. दुसरं शासकीय आश्वासन समितीकडे जाऊ शकतं आणि तिथे त्याचा हिशेब मागता येतो. चांगला आमदार मंत्र्याच्या तोंडून दुसरं वाक्य काढून घेतो. हे कौशल्य कुठल्या स्कोअरकार्डात मोजत असतील?

५ ऑक्टोबर
दसरा झाला. आज खासगी विधेयकं.

पोरगा म्हणाला, मंजूर झालं तर दहा गुण, मागे घेतलं तर शून्य. स्वतंत्र भारतात आजवर चौदाच खासगी विधेयकांचे कायदे झाले, शेवटचं १९७० मध्ये. म्हणजे सगळ्यांना शून्य. आणि एक उदाहरण या हिशेबाला पुरून उरतं. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी पन्नासच्या दशकात राज्यसभेत प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्ध खासगी विधेयक मांडलं. सरकार स्वतः कायदा आणेल असा शब्द नेहरूंनी दिला, तेव्हा रुक्मिणीदेवींनी विधेयक मागे घेतलं. १९६० चा कायदा आला तो असा, आणि पुढे प्राणी कल्याण मंडळाचं अध्यक्षपदही त्यांच्याकडेच आलं. पोराच्या सूत्राने रुक्मिणीदेवींना शून्य. सूत्र गेलं.

दंड मात्र तेव्हाचाच. २०२२ च्या नोव्हेंबरात केंद्राने या कायद्याच्या दुरुस्तीचा मसुदा लोकांच्या हरकतींसाठी खुला केला होता. तो संसदेत आलेला नाही. त्यामुळे दोन्ही खासदारांच्या पानावर एक कायमचा प्रश्न लिहून ठेवला : ‘मसुद्याचं काय झालं, हे विचारलं का?’

याला जोडून काकांनी आणखी एक दाखवलं. भारतीय न्याय संहिता आली तेव्हा दंड संहितेचं ३७७ कलम पूर्णच गेलं, आणि जनावरावरच्या लैंगिक अत्याचाराला असलेलं तेवढं एक कलमही त्याबरोबर गेलं. डिसेंबर २०२३ मध्ये ते विधेयक आवाजी मतदानाने मंजूर झालं तेव्हा विरोधी बाकांवरचे कितीतरी खासदार निलंबित होऊन बाहेर होते. तिथे कुणाच्या नावावर काय लिहायचं? आम्ही ‘नोंद नाही’ असं लिहिलं.

१२ ऑक्टोबर
समित्यांचे अहवाल हे दुर्लक्षित घबाड आहे. २०२१ चं वन्यजीव दुरुस्ती विधेयक जयराम रमेश यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थायी समितीकडे गेलं होतं. अहवाल एप्रिल २०२२ चा. अशा अहवालाच्या मागे बैठकांची इतिवृत्तं असतात, कोण हजर होतं त्यांच्या नावांसकट. भिन्नमतपत्रिका असली तर तीही. सभागृहात पक्ष बोलतो, समितीत माणूस थोडा तरी स्वतःचं बोलतो.

त्याच विधेयकात मूळ कायद्याच्या कलम ४३ ची दुरुस्ती होती : पाळीव हत्ती धार्मिक किंवा अन्य कारणासाठी हलवण्याची वाट. लोकसभेत २ ऑगस्ट २०२२, राज्यसभेत ८ डिसेंबर २०२२. पुढे २०२४ मध्ये हत्ती हलवण्याचे नियम आले. या वर्षी नांदणीवरून एवढं रान उठलं, तेव्हा २०२२ मध्ये त्या कलमावर कोण काय बोललं हे विचारणारा मला तरी एकही भेटला नाही. दोन्ही सभागृहांच्या त्या दोन दिवसांची कार्यवाही काढायला घेतली आहे.

२ नोव्हेंबर
गाळप हंगाम सुरू. रस्त्यावर बैलगाड्या दिसायला लागल्या, तोडणी कामगारांच्या पालांशेजारी बैल बांधलेले. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत : दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त जुंपायचं नाही. चढाला गुडघे टेकलेला बैल बघायला इथे कुठे लांब जावं लागत नाही, आणि त्या गाडीवानाला उचल फेडायची असते म्हणून त्याचाही गळा अडकलेला. ‘ऊस वाहतूक’ हा रकाना मी हट्टाने घातला. साखरेच्या जिल्ह्यात तो रिकामा राहिला तरी तसाच छापायचा. रिकाम्या चौकोनाला गुण नाहीत, पण चौकोन दिसला पाहिजे.

एका ओळखीच्या पत्रकाराने विचारलं, पहिला कोण, शेवटचा कोण तेवढं सांगा, बातमी करतो. नाही म्हटलं. जिल्ह्यातले दोन आमदार मंत्री आहेत आणि मंत्री प्रश्न विचारत नाहीत. क्रमवारी लावली तर ते विनाकारण तळाला जातील. त्यांच्यासाठी वेगळं पान केलंय : उत्तरं काय दिली, कुठल्या आश्वासनाची मुदत कधी.

हिवाळी अधिवेशनाआधीची कामं : पोराने शोधयादी चालवून ठेवायची. मॅडम २०१७ ची कार्यवाही संपवतील. काका दहाही आमदारांच्या कार्यालयांत एकेक पत्र देणार, की तुमच्या नावावर आम्ही एवढं लिहिलंय, काही राहिलं असेल तर कागदासह कळवा. फ्लेक्सचा फोटो चालणार नाही, हे पत्रात ठळक लिहायचं.